झाडूच्या दांड्याची सायकल

आज इतिहासाच्या गप्पा आहेत, पण गड नाहीत, राजे नाहीत, तहही नाहीत. आज सायकल आणि चिखल. आपल्यातल्या अर्ध्या जणी आत्ता आवणी उरकून, पायाचा चिखल धुऊन रेडिओजवळ बसल्या असतील. म्हणून विषय घरचाच घेतला.

आधी माझी एक चूक सांगते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर गटाची मीटिंग होती. एका ताईने अंतर्गत कर्ज मागितलं, साडेतीन हजार रुपये. कशाला? जुनी सायकल घ्यायला. पाड्यापासून डांबरी रस्ता चार किलोमीटर. शेवळी, टाकळा, भारंगी, जे मिळेल ते पहाटे खुडायचं, पाटी डोक्यावर घेऊन तेवढं चालायचं, मग टमटम. बाजारात पोचेपर्यंत सकाळचं गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं. पोराच्या शाळेच्या सायकलवर ती चालवायला शिकली होती. मी समन्वयक, मी ऐटीत सांगितलं, "सायकल हे काही उत्पादक कर्ज नाही. शेळी घ्या." वहीत "नामंजूर" लिहिलं गेलं. ती एवढंच म्हणाली, "ताई, शेळीवर पाटी ठेवून बाजाराला जाता येत नाय."

बाकीच्या हसल्या, मीही हसले. परत येताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. बीएला माझा इतिहास होता, तेव्हा सवयीने पुस्तकं काढून बसले. त्यात जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगते.

आपल्या मराठी मुलखात सायकल आली तीच मुळी धंदा म्हणून. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव नांगरामुळे तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना माहीत असेल. नांगर आणि कारखाना यांच्या आधी, १८८८ च्या सुमाराला, बेळगावात त्यांचं सायकलचं दुकान होतं. सायकल विकायची, दुरुस्त करायची आणि पैसे घेऊन शिकवायचीसुद्धा. पुढे १९३० साली याच किर्लोस्कर मंडळींकडून 'स्त्री' हे मासिक निघालं आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीतल्या शिकलेल्या बायका त्यात लिहित्या झाल्या. सायकलचं दुकान आणि बायकांचं मासिक एकाच घरातलं, याची मला उगाच गंमत वाटते.

त्यानंतरची गोष्ट मुंबईची. १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जग फिरायला निघाले. त्यातल्या तिघांनी, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा यांनी, फेरी पूर्ण केली आणि मार्च १९२८ मध्ये ते परत आले. सुमारे ७१ हजार किलोमीटर. वाळवंट, बर्फ, जंगल, सगळं त्या साध्या सायकलींवर. फार मोठं काम केलं त्यांनी. पण सहामध्ये बाई एकही नव्हती. मुंबई-पुणे सायकल शर्यत तुम्ही ऐकली असेल. बोरघाटाचा चढ जो सगळ्यांच्या आधी चढेल तो 'घाटाचा राजा'. त्या घाटाच्या राणीचं नाव माझ्या वाचनात कुठे आलं नाही.

मग ही सापडली. आपल्याकडची नाही, इटलीची आहे. पण गोष्ट पुढे गेल्यावर तुम्हीच सांगा, आपली की परकी.

अल्फोन्सिना स्त्रादा. जन्म १८९१ चा. घर शेतमजुराचं, भावंडं पुष्कळ. सांगतात, की बापाने काही कोंबड्या देऊन एक मोडकी सायकल घरी आणली आणि पोरगी तिच्यावर जी बसली ती उतरलीच नाही. रविवारी देवळात प्रार्थनेला जाते म्हणून घरातून निघायची आणि शर्यतीला जायची. पहिलं बक्षीस जिवंत डुक्कर मिळालं असंही सांगतात. ते घरी कसं आणलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. गावात तिला 'घाघऱ्यातला सैतान' म्हणायचे. आपल्याकडे काय म्हणतात ते मी रेडिओवर बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. नवरा मात्र वेगळा निघाला. स्त्रादा आडनाव त्याचंच. त्याने लग्नात तिला शर्यतीची सायकल भेट दिली.

इटलीत 'जिरो' नावाची मोठी सायकल शर्यत असते. जिरो म्हणजे फेरी, देशाची फेरी. १९२४ साली ती १२ टप्प्यांची होती, एकूण ३,६१३ किलोमीटर. म्हणजे एकेका टप्प्याला सरासरी तीनशे किलोमीटर. कल्याणहून सकाळी निघून नाशिक गाठायचं, आणि त्याच दिवशी सायकलवरच कल्याणला परत यायचं, जवळपास इतकं. त्या वर्षी पैशाच्या वादातून मोठे मोठे सायकलपटू आलेच नाहीत. आयोजकांना नावं भरायची होती. अल्फोन्सिनाने अर्ज केला आणि तो मंजूर झाला. यादीत तिचं नाव 'अल्फोन्सिन' असं छापून आलं, शेवटचा 'आ' गेला. चुकून गेला की मुद्दाम गाळला, यावर अजून वाद आहे. नवरा त्या काळात मानसिक आजारामुळे रुग्णालयात होता. घर चालवणारी ती एकटी.

त्या वेळची सायकल आणि रस्ता डोळ्यांपुढे आणा. लोखंडी, जवळजवळ वीस किलो वजनाची. गिअर बदलायचा तर थांबून मागचं चाक काढायचं आणि उलटं बसवायचं. डांबर जवळपास कुठेच नाही. माती, खडी, पाऊस पडला की लगदा.

चिखलात सायकल का अडते हे आपल्याला शिकवायला नको, पण एकदा नीट बघू. चाक फिरतं तेव्हा ओली चिकण माती वर उचलून नेतं. ती मडगार्ड आणि टायर यांच्या मधल्या फटीत साठते, ब्रेकच्या गुटक्यांपाशी साठते, आणि थोड्या वेळाने चाक जाम. चेनीत रेती गेली की चेन करकरते आणि उडते. मग एकच उपाय, सायकल खांद्यावर. मोठ्या शर्यतवाल्यांनीसुद्धा याहून वेगळं काही शोधलेलं नाही. युरोपात हिवाळ्यात शेतांमधून, चिखलातून सायकल पळवायच्या शर्यती शंभराहून जास्त वर्षं चालू आहेत, आणि त्यात सायकल खांद्यावर घेऊन धावणं हा खेळाचाच भाग मानतात. आताच्या डोंगरी सायकलला म्हणून टायर रुंद आणि खाचांचे असतात. फटी मोठ्या ठेवतात, म्हणजे माती अडकत नाही. चिखलात हवा थोडी कमी ठेवतात, म्हणजे टायर पसरून पकड घेतो. खाचरात उतरताना आपण पाऊल सपाट टाकतो ना, टाच रुतू देत नाही? तेच.

तर अल्फोन्सिना. सात टप्पे तिने पार केले. पडली, खरचटली, गुडघा सुजला, पण वेळेत पोचत राहिली. आठवा टप्पा लाक्विला ते पेरुजा, २९६ किलोमीटर, डोंगरातला. त्या दिवशी वादळ आलं. पाऊस, वारा, सगळा रस्ता चिखल. घसरून पडली आणि सायकलचा हँडल तुटला.

इथे कुणीही थांबलं असतं आणि कुणी नाव ठेवलं नसतं. तिने झाडूचा दांडा मिळवला, तुटलेल्या हँडलच्या जागी बसवला आणि पुढे निघाली. झाडूचा दांडा, मैत्रिणींनो. बाईच्या हातात जगभर काय देतात ते बघा, आणि तिने त्याचं काय केलं तेही बघा.

पेरुजाला पोचली तेव्हा ठरलेली वेळ टळून गेली होती. नियम म्हणजे नियम, ती बाद. आयोजकांमध्ये वाद झाला. काही म्हणाले घरी पाठवा, काही म्हणाले एवढं सोसून आलेल्या बाईला घरी कसं पाठवायचं. शेवटी मधला मार्ग निघाला: चालवायची तर चालवू दे, पण निकालात नाव येणार नाही. तिने ते मान्य केलं.

या जागी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. निकालात नाव नाही, क्रमांक नाही, तरी पुढचे चार टप्पे. त्यातला एक, फ्युमेपर्यंतचा, तर ४१५ किलोमीटरचा. तिथे ती उशिराच पोचली, पण लोक थांबलेले होते आणि त्यांनी तिला सायकलवरून उचलून घेतलं. शर्यतीला ९० जण सुटले होते. मिलानला परत पोचले ते ३० पुरुष आणि ही. पुढच्या वर्षी तिला प्रवेश दिला नाही. तरीही तिने सायकल सोडली नाही, पुढे मिलानमध्ये सायकलचं दुकान चालवलं. १९५९ साली ती गेली.

डोंगरातल्या सायकल शर्यतीचा आजचा प्रकार बराच नंतरचा. १९७६ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या काही पोरांनी जुन्या जाड सायकली डोंगराच्या कच्च्या रस्त्यावरून खाली सोडायच्या शर्यती सुरू केल्या. उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, आणि प्रत्येक फेरीनंतर नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीला नाव पडलं 'रिपॅक', म्हणजे परत भरणं. १९९६ ला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला आणि पहिल्याच वर्षी बायकांची शर्यतही ठेवली. साध्या रस्त्यावरच्या सायकलिंगमध्ये बायकांना ऑलिंपिकला यायला १९८४ उजाडलं होतं. पुरुष १८९६ पासून पळत होते. नवा खेळ असला की दार जरा लवकर उघडतं, असं मला दिसतं. जुन्या खेळात आधीच बसलेले लोक सरकत नाहीत.

आणि आपली माणसं? पुण्याच्या प्रीती मस्के. दोन मुलांची आई. चाळिशीला आल्यावर सायकल धरली. २०२२ च्या जूनमध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, लेहपासून मनालीपर्यंत एकटीने ४३० किलोमीटर, ५५ तास १३ मिनिटांत. तो रस्ता पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडींतून जातो. बर्फ वितळून रस्त्यावर ओढे येतात, चिखल होतो, श्वास पुरत नाही. त्यांना वाटेत दोनदा ऑक्सिजन घ्यावा लागला. पुण्याचीच वेदांगी कुलकर्णी, वीस वर्षांची, २०१८ साली १५९ दिवसांत जगाची २९ हजार किलोमीटरची फेरी करून आली. वाटेत स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं, कॅनडात अस्वल मागे लागलं.

पण तुम्ही म्हणाल, ताई, ह्या शहरातल्या, शिकलेल्या, महागाच्या सायकलींवरच्या. म्हणून शेवटची गोष्ट तमिळनाडूची. पुदुकोट्टाई जिल्हा, १९९१. साक्षरतेची मोहीम चालू होती आणि शीला राणी चुंकत या तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. बायका शिकवायला गावोगाव जाणार कशा? तर सायकल शिकवा. दीड वर्षात लाखाच्या वर ग्रामीण बायका सायकल शिकल्या. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतमजूर, अंगणवाडीवाल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. मागणी एवढी वाढली की लेडीज सायकली संपल्या. मग बायकांनी पुरुषांच्या घेतल्या, आणि त्याच बऱ्या म्हणू लागल्या, कारण पुढच्या नळीवर पोराला बसवता येतं. आणि हे नीट ऐका, सायकल घ्यायला त्यांना बँकेतून कर्ज मिळेल अशी व्यवस्था प्रशासनाने केली होती.

म्हणजे १९९१ ला जे तिथल्या कचेरीला कळलं, ते मला कल्याणहून टमटममध्ये बसून जाताना कळलं नव्हतं.

पुढच्या मीटिंगला मी अल्फोन्सिनाची गोष्ट सांगितली. झाडूच्या दांड्यापाशी सगळ्या गप्प झाल्या, मग एकदम बोलायला लागल्या. वहीतलं "नामंजूर" खोडता येत नाही, म्हणून खाली नवा ठराव लिहिला. एका मावशींनी विरोध केला, त्यांचं म्हणणं होतं की उद्या सगळ्या सायकल मागतील तर शिलकीचं काय. प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर अजून झालेलं नाही. ठराव तेवढ्यापुरता मंजूर झाला, शेकडा दोन व्याजाने, दहा हप्ते.

तिने जुनी जेन्ट्स सायकल घेतली. मागच्या कॅरिअरला पाटी, पुढे नळीवर धाकटी पोर. पाऊस लागल्यावर तिने मडगार्ड काढून घराच्या कुडाला टांगून ठेवली. मी तिला हे काही सांगितलं नव्हतं. ओढ्यापाशी सायकल खांद्यावर, डांबरीला लागली की टांग टाकून पुढे. चार हप्ते वेळेत आले, पाचवा आठ दिवस उशिरा आला, कारण टायर बदलावा लागला.

परवा तिने मला विचारलं, "ताई, तुम्हाला येते का चालवायला?" मी म्हटलं, येते, पण शाळेत असताना हाफ पायडल शिकले होते, तेवढीच. ती म्हणाली, बसा मग, मी मागून धरते.