उपचारात्मक आहार, तीव्र कुपोषित बालकांचा

ज्या बालकाचे वजन त्याच्या उंचीच्या मानाने फारच खाली उतरले आहे, ज्याचा दंडघेर 11.5 सेंमी.हून कमी भरतो, अथवा ज्याच्या दोन्ही पावलांवर अंगठा काही सेकंद दाबून उचलला असता खळगा तसाच राहतो, अशा 6 महिने ते 5 वर्षे वयाच्या बालकास औषधाप्रमाणे मोजून, वेळ पाळून आणि पायरीपायरीने दिले जाणारे अन्न म्हणजे उपचारात्मक आहार. हाडे-कातडे उरलेल्या प्रकारास सुकटी व सूज आलेल्या प्रकारास सुजवटी म्हणतात. सुजवटीचे ‘क्वाशिओरकोर’ हे नाव डॉ. सिसिली विल्यम्स यांनी गोल्ड कोस्टमधील (आजच्या घानातील) गा भाषेतून घेऊन 1935 मध्ये वैद्यकात रूढ केले. सुजलेले मूल गुबगुबीत दिसते आणि त्याने बाळसे धरले असे समजून घरची माणसे निश्चिंत राहतात, ही या विकाराची सर्वांत घातक फसवणूक होय.

या उपचाराचे सारे मर्म सबुरीत आहे. दीर्घकाळ अन्नाला पारखे झालेले शरीर आपला संसार आवरते घेते. हृदय, यकृत व मूत्रपिंडे मंदगतीने चालू लागतात, पेशींतील पोटॅशियम घटते आणि सोडियम साठते. अशा देहावर मायेपोटी एकाएकी भरपेट अन्नाचा भार टाकला, तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरून, हृदयावर ताण पडून, जे मूल उपासमारीतून वाचले ते जेवणाने दगावू शकते. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात दुधाची भुकटी, पीठ व साखर यांचे जे मिश्रण भुकेल्यांना दिले गेले, तेच 1945 मध्ये बेल्सेनच्या छळछावणीतून सुटलेल्यांपुढे ठेवण्यात आले. पण त्यांतील पुष्कळांना त्याचा गोडपणाच सोसवेना. भुकेल्याला अन्न घालणे हे पुण्यकर्म असले तरी सोपे कर्म नव्हे, हे त्या काळी डॉक्टरांना नव्याने शिकावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या पुस्तिकेत ही उपचारपद्धती स्पष्टपणे ग्रथित झाली.

पहिल्या पायरीचा आहार मुद्दाम पातळ व कमी प्रथिनांचा ठेवतात. भारतीय रुग्णालयांत प्रचलित असलेल्या एका कृतीनुसार 30 मिलि. ताजे गाईचे दूध, 9 ग्रॅम साखर व 2 ग्रॅम तेल यांत पाणी घालून 100 मिलि. मिश्रण करतात; त्यातून 75 किलोकॅलरी व जेमतेम 0.9 ग्रॅम प्रथिने मिळतात. साखर कमी करावयाची झाल्यास चुरमुऱ्यांचे पीठ घालतात. सूज नसलेल्या 6 किलोच्या मुलास दर दोन तासांनी सुमारे 65 मिलि., म्हणजे लहानशी अर्धी वाटी, आणि तीही रात्रंदिवस, वाटी-चमच्याने पाजावयाची असते. रात्रीचे दोन वाजता, वॉर्डातील दिवे मालवलेले असताना, पेंगुळलेल्या आईला हलवून जागे करणारी परिचारिका ही या उपचारातील मुख्य वैद्यच समजावी. कारण रक्तातील साखर उतरणे आणि अंग गार पडणे हे दोन्ही घाले बहुधा रात्रीच पडतात. लोहाचे औषध या अवस्थेत देत नाहीत, हे ऐकून पालक चकित होतात. परंतु जंतुसंसर्ग बळावण्याचे भय त्यात असते.

भूक परतली आणि सूज ओसरू लागली की दुसरी पायरी सुरू होते. आता 95 मिलि. दूध, 5 ग्रॅम साखर व 2 ग्रॅम तेल असे दाट मिश्रण, 100 मिलि.स सुमारे 100 किलोकॅलरी भरणारे, हळूहळू वाढवीत देतात. वजन दररोज किलोमागे 10 ग्रॅमहून अधिक वाढले तर प्रगती उत्तम मानतात. शेंगदाणे, दूधभुकटी, साखर, तेल व जीवनसत्त्वे यांचा लगदा हा याचाच कोरडा अवतार. त्यात पाणी जवळजवळ नसल्याने जंतू वाढत नाहीत आणि तो घरी देता येतो. भारतात या लगद्याच्या तयार पाकिटांवरून बराच वाद झाला. मुंबईत शीव रुग्णालयाने तसा आहार स्थानिक पातळीवर बनवून दाखविला. लोणावळ्याच्या बाजारपेठेत शेंगदाणे आणि गूळ यांचे ढीग रोज चिक्कीत ओतले जातात, ते पाहताना या लगद्याची आठवण होते खरी. पण कडक चिक्की म्हणजे तो आहार नव्हे, आणि दात न आलेल्या मुलाच्या घशात तिचा तुकडा अडकू शकतो.

महाराष्ट्रात बालमृत्यूंचा प्रश्न ऐरणीवर आल्यानंतर 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. पुढे अंगणवाडीत ग्राम बालविकास केंद्र, दवाखान्यात बाल उपचार केंद्र व मोठ्या रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र अशी उतरंड बसली. मुलाजवळ राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी देण्याची तजवीजही झाली. एका मुलासाठी आठवडा-पंधरवडा कामावर खाडा करणे मजूर घराला परवडत नाही, हे सरकारदप्तरी मान्य झाले, ही बाब लहान नव्हे.

आंदर, नाणे व पवन या तीन खोऱ्यांत वसलेल्या पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात या आजाराला वर्षाचे वेळापत्रक आहे. इंद्रायणी तांदळाचा हा मुलूख. पण आषाढ-श्रावणात, लोणावळ्याकडच्या मुसळधार पावसात, आई लावणीच्या चिखलात दिवसभर वाकलेली, घरची कणगी तळाला गेलेली, आणि गढूळ पाण्याने मुलास जुलाब, असा तिहेरी प्रसंग ओढवतो. कातकरी कुटुंबांवर तो अधिक कठीण. त्यांच्याजवळ शेतजमीन क्वचितच असते, आणि दिवाळीनंतर त्यांतील पुष्कळजण मुलाबाळांसह वीटभट्टीवर निघून पाऊस तोंडावर आला की परततात. केंद्रातून सुट्टी मिळालेल्या मुलाला घरी नाचणीची पेज, मऊ भात, वरण, अंडे व वर चमचाभर तेल असे दिवसातून पाच-सहा वेळा मिळावे आणि त्याचे वजन वारंवार व्हावे, असा नियम आहे. वजन करणारी अंगणवाडी मात्र वाडीत राहते आणि मूल भट्टीवर जाते. यास्तव हिवाळ्याच्या तोंडी सुट्टी देताना वाडीच्या पत्त्याबरोबर भट्टीचे गाव आणि मुकादमाचे नाव आईला विचारून कार्डावर लिहून घ्यावे.