हातसंगणक, बिनतारी कार्ड आणि परवाना

भारतातील हातसंगणकाचा इतिहास केवळ यंत्राच्या अंगाने अभ्यासल्यास अपुरा राहतो. १९९९ मध्ये ८०२.११बी हे मानक आले. पुढे काडेपेटीएवढे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड खोबणीत सरकवले की तळहातावरचे यंत्र बिनतारी जाळ्याशी जोडले जाई. परंतु ते कार्ड प्रक्षेपकही होते. आणि १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार असे साधन विनापरवाना नुसते बाळगणे हाही गुन्हा! मुंबई असो वा भुसावळजवळील दीपनगरची वीजकेंद्र वसाहत, बंधन एकच. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात आधी इमारतीच्या आत सवलत मिळाली, भिंतीबाहेरची मोकळीक मात्र जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने दिली. तोवर खिशातले यंत्र कायद्याने घरातच बसवलेले होते. दरम्यान २००२ च्या अखेरीस आलेल्या आयपॅक ५४५० मध्ये वाय-फाय अंगभूतच होते. परवानगी आली तेव्हा कार्डाची गरजच ओसरू लागली होती.