सही आपलीच, पण दलाली किती?

माझ्या गृहकर्जाच्या फाईलमध्ये विम्याची एक पावती आहे. कर्ज मंजूर होताना साहेबांनी जिथे बोट ठेवले तिथे मी सह्या केल्या. विम्याचे पैसेही कर्जातच मिळवले आहेत आणि त्यावर व्याज चालू आहे, हे नंतर कळले. तक्रार केली. उत्तर आले, "सही आपलीच आहे." बी.एड. झालेला, उर्दू-मराठी शिकवणारा मी, शरमेने गप्प बसलो. अलीकडे ब्रिटनमधल्या एका खटल्याचा इतिहास वाचला आणि ती फाईल पुन्हा काढली.

तिकडे कर्जासोबत 'पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स', म्हणजे पीपीआय, वर्षानुवर्षे विकला गेला. आजारपण आले किंवा नोकरी गेली तर हप्ते विमा भरेल, ही कल्पना काही वाईट नव्हती. पण ज्यांना त्याचा लाभ मिळणेच कठीण होते, अशांच्याही गळ्यात तो मारला गेला. लाखो तक्रारी झाल्या. अनेकांच्या फेटाळल्या गेल्या.

२००६ साली एका विधवा प्राध्यापिकेने ३४,००० पाउंड कर्ज घेतले. कर्ज दहा वर्षांचे, विमा मात्र पाच वर्षांचा! त्याचे ५,७८० पाउंड कर्जातच घातले गेले. त्यातून मध्यस्थाने १,८७० घेतले, कर्ज देणाऱ्या कंपनीने २,२८० ठेवून घेतले आणि विमा कंपनीला पोहोचले फक्त १,६३०. म्हणजे ७१.८ टक्के दलालीच. दलाली असते एवढे तिला कळवले होते. किती, ते नाही.

ती कोर्टात गेली आणि आधी हरली. २०११ मध्ये अशाच एका प्रकरणात ८७ टक्के दलाली असूनही अपील न्यायालयाने म्हटले होते की, आकडा सांगण्याचा नियमच नाही, मग अन्याय कसला? १२ नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका खोडून काढली. लॉर्ड सम्प्शन यांच्या निकालाचा आशय असा: नियम मोडला का, हा एक प्रश्न, देणाऱ्या-घेणाऱ्यातले नाते न्याय्य होते का, हा वेगळा. १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याला दुसऱ्याचे उत्तर हवे आहे.

या निकालाने जुन्या फाईलींत जीव आला. वित्तीय नियामकाने २९ ऑगस्ट २०१७ पासून नियम लागू केला: दलाली निम्म्याहून जास्त असून लपवली असेल, तर सहसा वरची रक्कम परत करा. ज्यांच्या तक्रारी पूर्वी फेटाळल्या होत्या, त्यांतल्या पात्र लोकांना कंपन्यांनी स्वतः पत्र पाठवून हे कळवायचे होते. तक्रारीची मुदत २९ ऑगस्ट २०१९ ला संपली. पीपीआयपोटी परत गेलेली एकूण रक्कम ३८ अब्ज पाउंडांच्या घरात गेली.

ब्रिटनचा कायदा माझ्या बँकेला लागू नाही, हे मला कळते. पण मी वर्गात मुलांना सांगतो की उत्तर चुकले तर आधी प्रश्न नीट वाचा. मी बँकेला विचारले होते, "माझी फसवणूक झाली का?" नकार त्या प्रश्नाला होता. आता रजिस्टर्ड पोस्टाने दुसरा प्रश्न पाठवला आहे: "माझ्या विम्याच्या रकमेतून तुम्हाला किती मिळाले?"

या प्रश्नाला "सही आपलीच आहे" हे उत्तर होऊ शकत नाही.