बंदरामागचा मुलूख

लग्न झाल्यावर आम्हा दोघांना एड्रियाटिक समुद्राकाठची छोटी गावं बघायची होती. कोतोर, पेरास्त, बुद्वा. बाल्कनचा नकाशा मी इतक्यांदा झूम करून पाहिला होता, की कोतोरच्या गल्ल्या पाठ झाल्या होत्या. पण व्हिसा, रजा आणि पैसे यांचा मेळ काही बसला नाही. शेवटी पुण्याहून निघून चौल, रेवदंडा, कोर्लई असं फिरायचं ठरलं.

मी दिग्रसचा. तिथून समुद्र पाचशे किलोमीटरच्याही पलीकडे. बंदराची गोष्ट म्हणजे जहाजांची गोष्ट, एवढीच माझी समज. प्रवासात बाबांचा फोन आला, "वावर ठेवायचं का काढायचं, एकदाचं सांग." मी म्हणालो, आल्यावर बोलू.

रेवदंड्याचा तट गावाला कवेत घेऊन उभा आहे. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यात पडकी चर्चं आणि सातखणी मनोऱ्याचा उरलेला भाग. वेशीवर पोर्तुगीज राजचिन्ह आहे. ते पाहून बायको म्हणाली, "हे तुझं कोतोरच की!" खोटं नव्हतं. कोतोर १४२० ते १७९७ व्हेनिसच्या ताब्यात होतं. रेवदंड्यात पोर्तुगीजांनी निजामशहाच्या परवानगीने १५२१ मध्ये किल्ला बांधायला घेतला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. दोन्हीकडे लांबच्या दर्यावर्दी सत्तेच्या ताब्यातलं, खाडीकाठचं, तटबंदीतलं छोटं गाव.

पण चौल पोर्तुगीजांहून कितीतरी जुनं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचं नाव सापडतं. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी इथेच उतरला, विकायला एक घोडा घेऊन. दख्खनला चांगल्या घोड्यांची टंचाई होती, ते समुद्रावरून यायचे. तो पालीमार्गे जुन्नरला गेला. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, धर्म बदल म्हणाला. कसाबसा घोडा परत मिळाला आणि शेवटी बीदरला विकला गेला. म्हणजे घोडा उतरला चौलला, गिऱ्हाईक मात्र घाटावर. चौल जगत होतं ते या मागच्या मुलखावर. कोतोरचंही तसंच. पाठीशी उभा डोंगर, आणि मॉन्टेनेग्रोचे डोंगरी लोक खेचरांवर माल लादून त्याच्या बाजारात उतरायचे.

मग चौल संपलं कसं? लढाईने नाही. १५०८ मध्ये इथेच इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं, व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला, तरी बंदर चालू राहिलं. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने वेढा घातला, तोही निष्फळ गेला. चौलला मारलं ते मालाने वाट बदलल्यावर. इंग्रजांची मुंबई वाढली तसा घाटावरचा व्यापार तिकडे वळला. तट उभा राहिला, बाजार उठला.

खाडीपलीकडे कोर्लई आहे. किल्ला गेला, साहेब गेले, पण मागे राहिलेल्या गरीब ख्रिस्ती कुटुंबांची पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोली अजून घराघरांत आहे. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. एक आजी दारात नातवाला काहीतरी ओरडून सांगत होती. शब्द कळले नाहीत, पण पोरगं ऐकत नाहीये एवढं कळलं.

संध्याकाळी पुलावर उभं असताना मला पहिल्यांदा वाटलं, या गोष्टीत दिग्रसही आहे. मुंबईमागचा मुलूख म्हणजे आम्हीच. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६५ मध्ये रेल्वे थळ घाट चढली. पुढे आमच्या शेजारच्या दारव्ह्यावरून यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी लाइन निघाली, आमची शकुंतला. ती मुख्यतः कापसासाठीच होती. आता तीही बंद आहे. घाट चढलेल्या रेल्वेने मुंबई मोठी केली. चौलसारख्या बंदरांना मात्र तिने परतायची वाट ठेवली नाही.

माझे आजोबा बैलगाडीने कापूस जिनात नेत. मी इंजिनीअर होऊन पुण्यात आलो, माझ्या वर्गातले निम्मेअधिक असेच बाहेर पडले. मुलखातून माल अजून निघतोच आहे, फक्त आता गठाणी नाहीत. हे बायकोला म्हणालो, तर ती म्हणाली, "मग परत काय जातंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिन्याला पाठवतो ते पैसे, एवढंच.

रात्री बाबांना फोन केला. वावर सध्या काढू नका म्हणालो.

"कसणार कोण?" त्यांनी विचारलं.

यंदा पेरणीला दोघंही येतो, एवढंच सांगितलं. पुढचं अजून ठरलेलं नाही. कोतोरचा नकाशा मोबाइलमध्ये आहेच.