कोणाचे शब्द, कोणाची सही

तर झालं असं. मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका करायचं काम माझ्याकडे आलं. (सॉफ्टवेअरवाला म्हटलं की प्रिंटर दुरुस्तीपासून पत्रिकेपर्यंत सगळं आपल्याच गळ्यात पडतं.) मी वर 'आधी बीज एकले'मधल्या दोन ओळी टाकल्या आणि खाली ठसठशीत अक्षरात 'संत तुकाराम'. तीनशे प्रती छापून आल्या. आजोबांनी एक हातात घेतली, चष्मा वर सरकवला.

"हे गाथेत कुठे आहे रे? दाखव बघू."

"आजोबा, 'संत तुकाराम' सिनेमात आहे की!"

"सिनेमात आहे. गाथेत नाही. शांताराम आठवल्यांचं गाणं ते."

झालं! माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. पण खरी गंमत नंतर लक्षात आली. दामले-फत्तेलालांच्या १९३६ सालच्या त्या 'प्रभात'च्या चित्रपटातला खलनायक कोण? सालोमालो. तुकोबांचे अभंग आपलेच म्हणून मिरवणारा. हे पात्र नुसतं पटकथेतून आलेलं नाही. तुकोबांनी गाथेत त्याचं नाव घेऊन तक्रार केली आहे की हा दुसऱ्याचं ते आपलं म्हणतो आणि संतांची वचनं मोडून स्वतःला सजवतो. म्हणजे शब्दचोराची गोष्ट सांगणारा सिनेमा, आणि त्यातलंच गाणं आपण उचलून तुकोबांच्या नावावर घातलं. आठवल्यांचा यात काय दोष? त्यांनी सिनेमासाठी गाणं लिहिलं. त्यांचं नाव गाळलं ते आम्ही ऐकणाऱ्यांनी.

नाव पुसणं ही चोरी, हे लगेच कळतं. मोठं नाव चिकटवणं मात्र आपल्याला भक्ती वाटते. खऱ्या लेखकाचं नाव दोन्हीकडे जातंच.

खरं तर आपल्याकडे यावर सोय होती: नाममुद्रा. शेवटच्या चरणात कवीचं नाव गुंफलेलं. गाणारा विसरला तरी अभंग स्वतःच सांगतो मी कोणाचा. (गिट वापरणाऱ्यांनी कमिटवरचं नाव आठवावं.) तुकोबांचे धाकटे भाऊ कान्होबा 'तुकयाबंधु' अशी मुद्रा घालत, नातं सांगितलं, पण थोरल्या भावाची सही वापरली नाही. एकनाथ 'एका जनार्दनी' लिहीत, म्हणजे आपल्या नावाला गुरूचं नाव जोडून. पण मुद्रेलाही मर्यादा आहेच. नामदेवांनंतर काही शतकांनी विष्णुदास नामा झाला आणि दोघांच्या रचना अशा मिसळल्या की अभ्यासकांना त्या अजून निवडत बसावं लागतं.

तुकोबांचा गाथा छापायची वेळ आली तेव्हा मुंबई सरकारने २४,००० रुपये दिले. शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या ताडून १८६९ ते १८७३ या काळात 'इंदुप्रकाश'ने तो छापला. कोणत्या वहीत कोणता पाठ, हे तळटीपांत नोंदवलं. कंटाळवाणं काम! पण मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी पैठणला एकनाथांनी काय केलं बघा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९०. तीनशे वर्षांत पाठांतरात आणि नकलांत ती बिघडली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिचा पाठ शुद्ध केला. स्वतः एवढे मोठे कवी. दोन-चार ओव्या इकडेतिकडे सरकवल्या असत्या तर कोणाला कळलं असतं? उलट त्यांनी शेवटी बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नारळाची नरोटी ठेवली असं समजा. काम कोणी केलं, कोणत्या शकात केलं, तेही तिथेच लिहिलं. लेखक ज्ञानेश्वर, दुरुस्ती एकनाथांची. घोळ नाही.

असो. पत्रिकांचं पुढे काय झालं? मी 'शांताराम आठवले' अशा तीनशे चिकटपट्ट्या छापल्या आणि आम्ही भावंडं रात्री दोनपर्यंत चिकटवत बसलो. निम्म्या तिरक्या गेल्या. मामेबहीण अजून टोमणे मारते. आजोबांनी आपल्या प्रतीला चिकटपट्टी लावू दिली नाही. 'संत तुकाराम'वर पेनाने एक रेघ मारली, शेजारी आठवल्यांचं नाव लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात आपली सही आणि तारीख.