त्यानं हात का सोडला नाही?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी चार महिने मुलाकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला होते. त्यांच्या घरामागच्या अंगणात गरम पाण्याचा मोठा टब आहे. तिकडे त्याला हॉट टब म्हणतात. नातू संध्याकाळी त्यात मनसोक्त डुंबतो आणि माझे गुडघेही त्या पाण्यात जरा सुखावतात.

एके दिवशी तो टब बंद पडला. भिंतीवरच्या पेटीतला ब्रेकर वर करावा, की दोन मिनिटांत खटकन खाली. असं चार-पाच वेळा झालं. शेजारचे गृहस्थ सल्ला द्यायला आले, "तो जीएफसीआय फार नाजूक असतो. काढून टाका आणि साधा ब्रेकर बसवा. कटकट मिटेल." मुलालाही ते पटू लागलं होतं. मी मात्र एकदम म्हणाले, "अजिबात नाही." माझा आवाज इतका चढला की सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

का चढला, ते सांगते.

१९७४ साली माझा आतेभाऊ विहिरीवरच्या मोटरला चिकटून गेला. वय वर्षं चोवीस. मोटर आठ दिवसांपासून हाताला मुंग्या आणत होती आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. "पाऊस ओसरला की बघू," असं चाललं होतं. गावात सगळे म्हणाले, विजेनं ओढून घेतला. आत्या मात्र शेवटपर्यंत एकच विचारायची, "अगं, त्यानं हात का नाही सोडला?" मी इतिहासाची शिक्षिका. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

टब दुरुस्त होईपर्यंत हाताशी वेळ होता, म्हणून त्या टबाचा इतिहास वाचायला घेतला. आणि गंमत बघा, फ्रीमाँटपासून तासाभराच्या अंतरावरच्या बर्कली गावातच दोन गोष्टी सापडल्या.

पहिली जकूझी कुटुंबाची. इटलीहून आलेले हे सात भाऊ. आधी विमानांचे पंखे बनवत, पुढे विमानंही बनवू लागले. १९२१ मध्ये त्यांचं विमान कोसळलं आणि एक भाऊ गेला. तेव्हा त्यांनी विमानांचा नाद सोडला आणि विहिरीचे पंप बनवायला घेतले. बर्कलीत त्यांचा कारखाना होता. धाकटा भाऊ कँडिडो, त्याच्या लहानग्या केनेथला संधिवातानं गाठलं. इस्पितळात त्याला खळाळत्या पाण्याचे उपचार मिळत. हेच घरी मिळालं तर, या विचारातून बापानं न्हाणीच्या टबात ठेवता येईल असा पंप बनवला. १९५६ मध्ये तो 'जे-३००' नावानं बाजारात आला. मग १९६८ मध्ये त्याच घराण्यातल्या रॉय जकूझीनं पंप आणि फवारे आतच बसवलेला टब काढला. म्हणजे आज जी चैन वाटते, तिच्या मुळाशी एका आजारी लेकराचं दुखणं आहे.

दुसरी गोष्ट बर्कलीच्याच विद्यापीठातली. चार्ल्स डॅल्झिएल नावाचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांनी स्वेच्छेनं पुढे आलेल्या लोकांच्या हातात तार दिली आणि प्रवाह थोडा थोडा वाढवत नेला. किती प्रवाहापर्यंत माणूस आपणहून तार सोडू शकतो, हे त्यांना मोजायचं होतं. पुरुषांची सरासरी निघाली १६ मिलिअँपिअर, बायकांची साडेदहा. आपल्याकडच्या १५ वॅटच्या छोट्या दिव्यातून सुमारे ६५ मिलिअँपिअर वाहतात, यावरून कल्पना करा. त्या मर्यादेपलीकडे हाताचे स्नायू असे आवळले जातात, की मनात कितीही आलं तरी मूठ उघडत नाही.

हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. वीज ओढून घेत नाही, तर आपलीच मूठ आपलं ऐकत नाही. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर तो प्रश्न पडण्याच्या कितीतरी आधी मोजून ठेवलेलं होतं.

घरातला फ्यूज इथे कामाचा नाही. तो कित्येक अँपिअरला वितळतो, तो तारांना वाचवतो, माणसाला नाही. म्हणून डॅल्झिएल यांनी १९६१ मध्ये जीएफसीआय तयार केला. त्याचं काम अगदी शाळेच्या सहलीसारखं आहे. निघताना चाळीस मुलं मोजली, तर परतताना चाळीसच भरली पाहिजेत. एक कमी भरलं की बाई शिट्टी वाजवणार! गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत सुमारे ५ मिलिअँपिअरचा फरक पडला, की हे उपकरण क्षणार्धात वीज तोडतं. अमेरिकेच्या विद्युत नियमावलीत ते १९६८ मध्ये पोहण्याच्या तलावातल्या पाण्याखालच्या दिव्यांच्या निमित्तानं आलं. रॉयचा टबही त्याच वर्षीचा. १९७५ मध्ये न्हाणीघरांतल्या प्लगांनाही ते लागू झालं.

तर मंडळी, इलेक्ट्रिशियन आला. आधी त्यानं उपकरणावरचं टेस्टचं बटण दाबून पाहिलं. उपकरण धड होतं. मग वीज पूर्ण बंद करून, मीटरनं खात्री करून घेऊन, त्यानं हीटर, पंप, दिवा यांच्या तारा सोडवल्या आणि एकेक जोडत गेला. पंप जोडला, ब्रेकर टिकला. दिवा जोडला, टिकला. हीटर जोडला आणि खटकन खाली! हीटरच्या नळीत तारेभोवती पांढरी भुकटी दाबून भरलेली असते. नळीला बारीकशी चीर पडली होती, तिथून पाणी आत शिरून भुकटी ओली झाली होती आणि वीज पाण्यात झिरपू लागली होती. पाण्यातल्या रसायनांचं प्रमाण बिघडलं की नळी अशी खाल्ली जाते म्हणे. नवा हीटर बसला, टब चालू झाला.

ज्याला आम्ही कटकट म्हणत होतो, तो निरोप होता. आमच्या विहिरीवर आठ दिवस मुंग्यांनी तोच निरोप दिला होता.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे इथल्या घरातल्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं. आपल्याकडे घरात तो सहसा ३० मिलिअँपिअरचा असतो. गीझर लावणाऱ्या सगळ्या भाच्या-पुतण्यांना हात जोडून सांगते, हे वाचून झालं की उठा आणि तुमचंही बटण दाबून बघा. वीज गेली नाही, तर त्याच दिवशी जाणकाराला बोलवा.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिला सांगायचं राहून गेलं, की त्यानं हात सोडायचा प्रयत्न नक्की केला असणार.

असो. चूकभूल द्यावी घ्यावी.