गुन्हा ठरवतो कोण?

नागपूर-वर्धा मार्गावरील केळझर (ता. सेलू) हे गाव गणेश मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४पासून दारूबंदी आहे. त्यामुळे शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील परवानाधारक दुकानात राजरोस मिळणारी बाटली केळझरमध्ये विकणे गुन्हा ठरते. कृती तीच; गुन्हा ठरवतो तो कायदा. मार्क्सवादी समाजशास्त्रज्ञ नेमके यावरच बोट ठेवतात.

डच अभ्यासक विलेम बोंगर यांनी १९०५मध्ये, भांडवलशाही स्वार्थाला खतपाणी घालते व त्यातून गुन्हेगारी फोफावते, अशी मांडणी केली. इयान टेलर, पॉल वॉल्टन व जॉक यंग यांच्या १९७३च्या 'द न्यू क्रिमिनॉलॉजी' या ग्रंथाने या विचाराला नवी धार दिली. कायदा धनिकांचे हित जपतो. हातभट्टीवाला गजाआड जातो, बड्यांची आर्थिक लूट मात्र सहसा मोकळी सुटते, हा या विचारधारेचा मुख्य आक्षेप.

टीकाकारांच्या मते सर्वच कायदे वरून लादलेले नसतात. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५मध्ये लागू झालेल्या दारूबंदीमागे महिलांचे दीर्घ आंदोलन होते. ही बंदी २०२१मध्ये उठवण्यात आली. गुन्ह्यांची सर्वाधिक झळ गरिबांनाच बसते, याकडे खुद्द यंग यांनीही जॉन ली यांच्यासह १९८४मध्ये लक्ष वेधले. हाच 'डावा वास्तववाद'.

कायदा कोणी मागितला आणि त्यात सापडते कोण, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दारूबंदीचा विचार करताना दोन्ही विचारावे लागतात.